सॉरी, पण माफी नाही

शाळेत बाईंनी सांगितलं होतं, सॉरी, रिग्रेट आणि अपॉलॉजी, तिन्हींचा अर्थ साधारण एकच. बाईंचा परराष्ट्र खात्याशी कधी संबंध आला नसावा.

सॉरी हा बिनबुडाचा लोटा. लोकलमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला की सॉरी, आणि शेजारचे आजोबा गेले तरी सॉरी. पहिल्यात चूक आपली, दुसऱ्यात कुणाचीच नाही. ही सोय अमेरिकेनं बरोबर हेरली. १ एप्रिल २००१ ला तिचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान हवेत एकमेकांवर आदळली. चिनी वैमानिक गेला, अमेरिकेचे २४ जण हैनान बेटावर अडकले. चीनला हवी होती माफी. अमेरिकेनं पत्रात 'व्हेरी सॉरी' दोनदा लिहिलं, अपॉलॉजी एकदाही नाही. माणसं सुटली. चीननं पत्रात माफी वाचली, अमेरिकेनं सांत्वन.

रिग्रेट हा खास साहेबाचा शब्द. जालियनवाला बागेत १९१९ मध्ये सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसं मेली. २०१३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन तिथे आले आणि अभिप्रायाच्या वहीत 'अत्यंत लाजिरवाणी घटना' असं लिहून गेले. शताब्दीच्या वेळी, २०१९ मध्ये, तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत 'डीप रिग्रेट' व्यक्त केला. शंभर वर्षांत खेद खोल गेला, पण माफी काही हाती लागली नाही.

माफी मागितली म्हणून कुणी बुडतं असंही नाही. १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' जहाजातल्या बहुतेक हिंदी प्रवाशांना कॅनडानं किनाऱ्यावर पाऊलही टाकू दिलं नव्हतं. २०१६ मध्ये तिथले तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी भर संसदेत त्याबद्दल अपॉलॉजी मागितली. कॅनडा जागच्या जागी आहे.

फरक शब्दकोशात नाही, व्याकरणात आहे. सॉरीला वाईट वाटतं, रिग्रेटमध्ये काहीतरी 'घडलेलं' असतं, आणि अपॉलॉजीला कर्ता लागतो. 'हे मी केलं' म्हणावं लागतं. म्हणून ती महाग.

आपणही काही मागे नाही. गाडी रोज उशिरा येते आणि स्टेशनवरचा आवाज रोज तितकाच दिलगीर असतो. पुढारी म्हणतात, 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील, तर दिलगिरी व्यक्त करतो.' म्हणजे दुखावून घेणं ही चूक तुमची, दिलगिरीचा मोठेपणा त्यांचा.

तेव्हा पुढच्या वेळी असं निवेदन ऐकलंत, की आधी त्यातला कर्ता शोधा. तो सापडला नाही आणि 'तर' सापडला, तर माफी मागितली गेलेली नाही.