कृपया डोळे मिचकवा

आमच्या पेठेत एका दुकानावर पाटी आहे म्हणे, 'एक ते चार दुकान बंद. दार वाजवू नये.' सौ.ने ती मला वाचून दाखवली तेव्हा तिला वाटलं, मी चिडेन. मला तो दुकानदार उलट आवडला. गिऱ्हाईक नको तर नको, पण गडी तोंडावर सांगतो.

मोबाइलमधल्या दुकानांत हा सरळपणा नाही. ती सगळ्यांचं स्वागत करतात आणि मग आतून कडी घालतात.

परवा किराणा मागवायला बसलो. फोनमधला स्क्रीन रीडर पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतो. अट एकच, ॲप करणाऱ्याने बटणांना नावं दिलेली हवीत. बोट ठेवलं. "लेबल नसलेलं बटण." पुढे सरकवलं. "लेबल नसलेलं बटण." आणखी पुढे. "चित्र, एकशे बारा." आता तूरडाळीला काही ॲपांत चित्र एकशे बारा म्हणत असतील, अशा समजुतीने तेच घेतलं. अर्ध्या तासात मांजराच्या खाऊचं पाकीट दारात. आमच्याकडे मांजर नाही. पैसे भरायचं बटण मात्र कसं खणखणीत बोललं होतं! "रुपये दोनशे चाळीस भरा, बटण." याला म्हणतात धंद्याची दृष्टी. वर प्लॅटफॉर्म फीही पूर्ण. अर्धाच प्लॅटफॉर्म वापरता येतो, तर फी निम्मी करा, असं मी कळवून ठेवलंय.

मग बँक. 'घरबसल्या केवायसी' असा मेसेज आला, म्हणून घरीच बसलो. "चेहरा चौकटीत आणा." चौकट कुठे आहे ते चौकटीलाच ठाऊक. मान वर-खाली, डावी-उजवी करून दहा मिनिटांनी एकदाचा बसलो तिच्यात. लगेच पुढचा हुकूम: "आता डोळे मिचकवा." माझ्या पापण्या पंचेचाळीस वर्षांपूर्वी मिटल्या त्या मिटल्याच. मिचकावू काय, कपाळ? समोर जिवंत माणूस आहे की नुसता फोटो, हे तपासायची ही रीत. निकाल लागला: मी फोटो. तरी या फोटोच्या खात्यातून किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड दर वेळी बिनचूक कापला जातो.

कस्टमर केअरला फोन लावला. पोरगा गोड बोलला.

"सर, स्क्रीनवर काय दिसतंय तुम्हाला?"

"काही नाही."

"ओके सर, त्याचा एक स्क्रीनशॉट पाठवाल?"

मी दिसत नसल्याचं सांगितलं. दिसत नाही म्हणजे नेटवर्क नाही, असा त्याचा समज झाला. तोही दूर केला. मग थोडी शांतता, आणि शेवटी ते वाक्य, ज्याची मी वाटच बघत होतो: "घरात दुसरं कुणी नाहीये का सर?"

ओटीपी कुणालाही सांगू नका, अगदी बँकेच्या माणसालाही नको, हे हीच बँक मला आठवड्यातून तीनदा बजावते. म्हणजे बँकेच्या माणसाला नाही सांगायचा, शेजारच्या बंड्याला सांगायचा! पुढे बंड्याने खातं साफ केलं, तर 'ओटीपी तुम्हीच दिलात' म्हणायला ही मंडळी मोकळी.

कायदा नाही असं नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016चा. सेवा देणाऱ्यांनी नियम आल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा सुगम करावी, असं त्याचं कलम 46 सांगतं. नियम आले जून 2017मध्ये. हिशेब तुम्हीच करा. मला कॅल्क्युलेटरचं बटण सापडत नाहीये. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं, की सुगमतेचा तो नियम 15 नुसता सल्ला देतोय, सक्ती करतच नाही. न्यायालयाने तो कायद्याशी विसंगत ठरवला. मग 30 एप्रिल 2025चा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि पूर्ण अंध असलेले एक गृहस्थ न्यायालयात गेले होते, याच डोळे मिचकवण्यापायी. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि जिवंतपणा तपासायला दुसरे मार्गही ठेवा, असं न्यायालयाने सांगितलं. थोडक्यात, मी जिवंत असल्याचं सर्वोच्च न्यायालयाला मान्य आहे. प्रश्न उरला ॲपचा.

कायदा मोडल्यास पहिल्या खेपेला दंड जास्तीत जास्त दहा हजार. दुसऱ्या खेपेपासून पन्नास हजार ते पाच लाख. एवढ्यात मोठ्या कंपनीच्या एका मीटिंगचे सामोसे येतात.

ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवेतील त्रुटी' असा भारदस्त शब्द आहे. तो वापरून मी तक्रार लिहिली. दुसऱ्याच दिवशी उत्तर: 'आपल्या समस्येचं निराकरण झालं आहे.' काय निराकरण झालं ते सोबतच्या चित्रात होतं. चित्राचं नाव, एकशे तेरा.

खाली विनंती होती, आमच्या सेवेला तारे द्या. पाच बटणं, पाचही बिननावाची. एक तारा पहिल्या बटणाला असणार, अशा हिशेबाने तेच दाबलं.

"पाच तारे दिल्याबद्दल आभारी आहोत," फोन स्पष्ट बोलला.