वॉर्डात हात कधी धुवावेत आणि कोणासमोर : नव्याने रुजू झालेल्यांसाठी

पदवी राज्यातल्या कुठल्याही कॉलेजची असो, परीक्षा बहुधा नाशिकच्या म्हसरूळमधल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने घेतलेली असते. तेव्हा हात चोळण्याच्या सहा पायऱ्या तुम्हाला तोंडपाठ आहेत, हे धरून चालू. अडचण तोंडाची नाहीच.

बेसिनवर तक्ता लावलेला असेल. सरकारी वॉर्ड असो की गंगापूर रोडवरची काचेची इमारत, तक्ता तोच: जागतिक आरोग्य संघटनेचे पाच क्षण. रुग्णाला हात लावण्याआधी, सुई-कॅथेटरसारख्या कामाआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या खाटेला, सलाईनच्या स्टँडला हात लागल्यावर. यातले पहिले दोन रुग्णासाठी आहेत, म्हणून ते सावकाश शिकावेत. ‘नंतर’चे क्षण कोणाला शिकवावे लागत नाहीत. पू हाताला लागला की माणूस आपोआप नळाकडे धावतो.

साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात, हँडरबला २० ते ३०. जानेवारीत निफाडचा पारा घसरला की नळाखाली चाळीस सेकंद फार वाटतात. तेव्हा हँडरब बरा. त्यात साधारण ७५ ते ८० टक्के अल्कोहोल असतं. नाशिकची वाईन चालेल का, असं दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. नाही चालत, ती १२-१४ टक्क्यांवर थांबते. जुलाबाच्या काही जंतूंचे बीजाणू मात्र अल्कोहोललाही दाद देत नाहीत. तिथे साबण-पाणीच, निफाड असो वा नसो.

अंगठी काढावी लागते. पुष्कराजाने गुरू बळकट होत असेल, पण खड्याखाली जे राहायला येतं तेही बळकट होतं.

ग्लोव्ह्जचं तंत्र लवकर जमतं. एकच जोडी चढवून ड्रेसिंग करावं, त्याच हाताने फाईल उघडावी, मोबाईल घ्यावा, लिफ्टचं बटण दाबावं, आणि पुढच्या खाटेशी जाऊन ‘काय आजोबा, कसं वाटतंय?’ म्हणावं. हात अगदी स्वच्छ राहतात. तुमचे. (खरं तर ग्लोव्ह्ज काढल्यावरही हात धुवायचे असतात, ही बातमी अजून सगळ्या मजल्यांवर पोचलेली नाही.)

कोणी वही घेऊन कोपऱ्यात उभं दिसलं, तर ते ऑडिट समजावं. त्या दिवशी बाटल्या भरलेल्या असतात, नोझलवरची पापडी खरवडलेली असते आणि ज्यांनी महिनाभर बेसिन पाहिलं नाही, ते दोनदा धुतात. ५ मे, म्हणजे हात स्वच्छता दिन, हाही तसाच शुभ.

आता मुख्य धडा: सर. जगभरच्या पाहण्यांत हात धुण्यात परिचारिका डॉक्टरांपेक्षा बहुधा पुढे असतात, आणि वॉर्डात याचं आश्चर्य फक्त डॉक्टरांना वाटतं. मावशींना कोणीही टोकतं, ब्रदरला सिस्टर टोकतात. सरांना कोण टोकणार? १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी बाळंतिणींच्या वॉर्डात डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. मृत्यू झपाट्याने घटले. १८४९ मध्ये त्यांना नोकरीत मुदतवाढ मिळाली नाही. तुमची तर इंटर्नशिप अजून पूर्ण व्हायची आहे.

म्हणून ‘सर, हात’ असं म्हणू नये. राउंडला सरांच्या डाव्या बाजूला राहावं, बाटली आपल्या हातात ठेवावी आणि खाट बदलताना काही न बोलता ती पुढे करावी. सर नातेवाइकांशी बोलत बोलत तळवा पुढे करतात, सवयीने. पुरतं ओतावं, दोन थेंब म्हणजे तीर्थ. मग वीस सेकंद सरांचे दोन्ही हात गुंतलेले असतात: फोन उचलता येत नाही, फाईल ओढता येत नाही, पुढे निघता येत नाही.

सुट्टीचं तेवढ्यात विचारून घ्यावं.