कोई शक? कोई शिकायत?

लष्करात तक्रार करायला बंदी आहे, असा एक गैरसमज नागरी वस्तीत पसरला आहे. छे! 1950 च्या लष्कर कायद्यात त्यासाठी खास कलम 26 आहे. वरिष्ठाने अन्याय केला असं वाटलं, तर जवानाने कंपनी कमांडरकडे जावं. अन्याय खुद्द कंपनी कमांडरनेच केला असेल, तर त्याच्या वरच्या साहेबाकडे. दोघे साहेब संध्याकाळी एकाच मेसमध्ये बसतात, त्यामुळे टपालखर्च वाचतो. एसटीतही तक्रारपुस्तक वाहकाकडेच मागावं लागतं की!

जाताना कलम 56 तेवढं वाचून जावं. जाणूनबुजून खोटा आरोप केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. खरं-खोटं आधी कोण तपासणार? वरचा परिच्छेद पाहावा.

शिवाय सैनिक संमेलन असतंच. सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेब, प्रेमाने विचारतात, "कोई शिकायत?" सुभेदार मेजर रांगांवरून एकदा नजर फिरवतात. "नहीं साब!" छप्पर हलतं. अडलेली रजा, हुकलेली बढती, बंगल्यावर साहेबांचा कुत्रा फिरवायची ड्यूटी, सगळ्याचं निवारण दोन शब्दांत.

तरी कुणी हट्टी निघालाच, तर 2009 पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. पण आधी साहेबांकडे अर्ज करायचा आणि सहा महिने वाट पाहायची. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर दार उघडतं. म्हणजे साहेबांचं मौनसुद्धा वाया जात नाही.

जानेवारी 2017 मध्ये मात्र शिस्त बिघडली. सीमा सुरक्षा दलाच्या तेज बहादूर यादव यांनी करपलेला पराठा आणि हळद-मिठाची डाळ मोबाईलवर देशाला दाखवली. (हे दल गृहखात्याचं, पण पराठा करपताना खातं बघत नाही.) पाठोपाठ लष्करातले जवानही सहायक पद्धतीवर, म्हणजे साहेबांच्या दिमतीला जवान देण्यावर, कॅमेऱ्यासमोर बोलू लागले. तेव्हा लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी मुख्यालयांत तक्रारपेट्या ठेवायचं जाहीर केलं आणि लष्करदिनी बजावलं, सोशल मीडियावर गेलात तर शिक्षा होऊ शकते. पेटीला तोंड असतं, पण ती बोलत नाही, हा तिचा मोठाच गुण.

यादव एप्रिलमध्ये बडतर्फ झाले. 2019 मध्ये वाराणसीतून थेट पंतप्रधानांविरुद्ध उभे राहायला गेले, तर तिथेही अर्ज बाद. बडतर्फी भ्रष्टाचार किंवा देशाशी बेइमानीमुळे झालेली नाही, असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र जोडायचं राहिलं होतं. पराठ्याबद्दल तिथेही कुणी काही विचारलं नाही.