चाकूवाले आप्पा

आप्पांकडे चहाला गेलात तर एक पथ्य पाळा. टीपॉयवर चाकू दिसला तरी "छान आहे" म्हणू नका. म्हणालात की तो तुमचा. नको म्हणायची सोय नसते, कारण तोवर आप्पा तो जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळायला लागलेले असतात. हातातही देत नाहीत, समोर ठेवतात. सुरी हातात दिली की भांडणं होतात म्हणे. भांडणं तशीही होतात. पण त्यांच्या घरात.

आप्पा म्हणजे एकच माणूस समजू नका. कुपवाड एमआयडीसीतून रिटायर झालेल्यांच्या कुठल्याही कॉलनीत जा. एक जण भजनी मंडळात जातो, एक गच्चीवर ड्रॅगन फ्रूट लावतो आणि एकाला चाकूचं वेड लागतं. त्याला ओळखायला फार अक्कल लागत नाही. त्याचा डावा हात बघा. मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नसतो. धार तपासायला केस लागतात, आणि उजव्या हाताला मिळतो तो डावाच. आमच्या आप्पांचे डाव्या हाताचे संपले, तेव्हा त्यांनी पायाकडे मोर्चा वळवला. पिंडरीवर निम्मं पठार आहे, निम्मं जंगल.

पस्तीस वर्षं आप्पा लेथवर होते. पंपाच्या शाफ्टचं तिसरं ऑपरेशन त्यांच्याकडे. दोन शतांश मिलिमीटर इकडं-तिकडं झालं की जॉब रिजेक्ट. पहिली दोन ऑपरेशनं दुसऱ्याची, पुढची चार आणखी कुणाची. तो शाफ्ट बसवलेला पंप पाणी उपसताना त्यांनी एकदाही बघितला नाही. महापालिकेच्या नावातही सांगली, मिरज आणि मग कुपवाड. १९९८ पासून तिसरा नंबर. आप्पांना त्याची सवय होती. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी भंगारातून पॉवर हॅक्सॉचं तुटकं ब्लेड आणलं आणि जाहीर केलं, "सगळी ऑपरेशनं मीच करणार."

पहिल्याच ऑपरेशनला घोडं अडलं. ते ब्लेड एचएसएसचं, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचं, कारखान्यातनंच कडक होऊन आलेलं. मूठ बसवायला दोन भोकं हवीत. आप्पांनी पाच ड्रिल मोडली आणि भोकाच्या जागी एक चमकदार ठिपका पाडला. ज्या पोलादानं लोखंड कापायचं, त्याला साधं ड्रिल लागत नाही, हे पस्तीस वर्षं पोरांना सांगणारा माणूस स्वतःच्या घरी विसरला.

मग त्यांनी जुनी झिजलेली कानस धरली. इथून पुढचं काम खरं बघण्यासारखं असतं. कानस आधी चुलीत लाल करायची आणि राखेत पुरून रात्रभर थंड होऊ द्यायची, म्हणजे ती मऊ पडते. मग आकार कापायचा, भोकं पाडायची, धारेचा उतार घासायचा. धार अगदी पातळ करायची नाही, नाहीतर पुढच्या पायरीला पातं वेलांटीसारखं वळतं. मग पुन्हा भट्टी. भट्टी म्हणजे चार विटा, कोळसा आणि बायकोचा जुना हेअर ड्रायर. पोलाद साधारण ७७० अंशांवर गेलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. तिथून जरासं पुढं, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं, की झटक्यात तेलात बुडवायचं. याला आपल्याकडं पाणी पाजणं म्हणतात. आप्पांनी पाजलं तेल. तेही दिवाळीच्या चकल्या तळून उरलेलं गोडेतेल, काकूंनी पिठल्याच्या फोडणीला बाजूला ठेवलेलं. पहिल्या पात्याला बरेच दिवस चकलीचा वास होता.

तेलातून निघालेलं पातं काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून ते परत २०० अंशांवर दोन तास शेकायचं. त्यावर वाळल्या कडब्याचा पिवळा रंग चढला की जमलं. इतकं नेमकं तापमान धरणारी वस्तू घरात एकच होती, नातीच्या केकचा ओव्हन. वाढदिवसाच्या आदल्या रात्री आप्पांनी त्यात तीन पाती शेकली. दुसऱ्या दिवशी केक दिसायला व्हॅनिला होता. पाहुणे खाताना एकमेकांकडे बघत होते. आप्पा मात्र केक कापायला स्वतःचा चाकू घेऊन उभे. केक कापला, खालचा पुठ्ठा कापला आणि टेबलाच्या सनमायकावर एक रेघ उठली, ती अजून आहे.

काकू या प्रकरणात पहिल्यापासून विरोधी पक्षात. त्यांचं सगळं विळीवर. पाटावर एक पाय दुमडून बसल्या की मेथीची जुडी दोन मिनिटांत संपते. अगदीच उभ्यानं कांदा कापायचा असेल तर जत्रेतून वीस रुपयाला आणलेली हिरव्या मुठीची सुरी. आप्पांचा शिसवी मुठीचा, पितळी रिव्हेटांचा चाकू शोकेसमध्ये, नातवाच्या स्कॉलरशिपच्या ढालीशेजारी. "का वापरत नाहीस?" विचारलं की म्हणतात, "त्याला गंज चढतोय. लिंबू कापलं की काळा पडतोय. पुसा, तेल लावा. तुमचं एक करतीय तेवढं बास."

आप्पांकडे उत्तर तयार असतं, तेही इतिहासातलं. "मिरजेतले सतारमेकर मूळचे कोण? शिकलगार! हत्यारांना धार लावणारे. तलवारीचं काम आटलं, तसं त्यांनी तंबोरा धरला. आता २०२४ ला जीआय मिळालाय मिरजेच्या सतारीला. माणसानं हातातली कला फिरवायची असती."

"त्यांच्या कलेतनं सूर निघतो," काकू आतून म्हणतात, "तुमच्यातनं रक्त."

हे मात्र खरं. प्रत्येक नवा चाकू पहिल्यांदा आप्पांनाच चाखतो. चिकटपट्टीचं बोट वर करून ते ज्या चेहऱ्यानं सांगतात, "कळलंच नाही बघा, कधी कापलं," तसा चेहरा मी जावयाचं कौतुक करणाऱ्या सासऱ्याचाच बघितलाय.

कायदाही त्यांना पाठ आहे. घरकामाची, शेतीची, कारखान्याची हत्यारं सोडली तर पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद नको, नाहीतर शस्त्र कायदा लागतो. आप्पांचं पातं साडेतीन इंच. तरी सांगलीला मुलीकडे जाताना पिशवीत चाकू असला की स्टँडवरच्या पोलिसाला ते स्वतःहून नमस्कार करतात, त्यामुळे तो उगीचच संशयानं बघतो.

गेल्या वर्षापर्यंत या चाकवांचा उपयोग काय, हे कॉलनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्याकडे तीन आहेत. एकानं मी कुरिअरची पाकिटं फोडतो, बाकी दोन त्याची वाट बघतात. मग कुणाच्या तरी ओळखीनं तासगावकडचा एक कलमवाला आला. द्राक्षाच्या बागेत डॉगरिजच्या खुंटावर कलम करणारा. त्यानं चाकू हातात घेतला, "छान आहे" वगैरे काही म्हणाला नाही. नखावर धार टेकवली, उजेडात धरली आणि परत खाली ठेवला.

"दोन्हीकडनं धार हाय ही. कलमाला एकाच बाजूनं पाहिजे. दुसरी बाजू सपाट. काप सरळ येतोय, साल चिकटतीया."

आप्पा पहिल्यांदाच गप्प बसलेले बघितले. मग त्यांनी वही काढली, पेन्सिलीनं पात्याचं चित्र काढलं, मापं लिहिली आणि पस्तीस वर्षं दुसऱ्यांकडून फक्त घ्यायचे, तसं ड्रॉइंग त्याच्यापुढं सरकवलं. "बघा. असं?" तो म्हणाला, "मूठ जरा बारीक. दिवसाला शे-दीडशे काप घेतूय आमी." आप्पांनी खोडून परत काढलं.

चार चाकवांची ऑर्डर आहे. पैसे किती घ्यायचे, यावर घरात अजून एकमत नाही. कलमाचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरात असतो. तोवर आप्पांना सकाळी फोन करू नका. ग्राइंडर चालू असतो, ऐकू येत नाही.