पांढऱ्याची प्रत

अंकुशनगरात एखादं पाखरू नको तिथे पांढरं दिसलं, की लोक आधी हात जोडतात आणि मग नानांना बोलावतात. हात जोडल्याने निदान पुण्य लागतं. नानांना बोलावलं की व्याख्यान लागतं.

नाना समर्थ कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. मळकट हिरवा उसाचा रस, त्यात चुन्याची निवळी, वर गंधकाचा धूर आणि शेवटी चिमटीत येणारा शुभ्र दाणा, यातच त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी साखर तोडली, पण पांढऱ्याचा नाद काही सुटला नाही. तो पाखरांवर घसरला. साखरेच्या पोत्यावर एम-३० नाहीतर एस-३० असा शिक्का असतो. अक्षर दाण्याच्या आकाराचं, आकडा रंगाचा. जगातल्या प्रत्येक पांढऱ्या गोष्टीला अशी प्रत असलीच पाहिजे, असं नानांचं ठाम मत आहे. परवा मांडवात नवरदेवाला आशीर्वाद देताना म्हणाले, "सुखी राहा. सदरा तिशीच्या खालचा वाटतो."

आमच्या मागच्या शेवग्यावर एकदा पांढरी साळुंकी आली. शेजारच्या वहिनी हळदीकुंकू घेऊन धावल्या. "लक्ष्मी आली हो दारी!"

"लक्ष्मीचा डोळा बघा आधी," नाना दुर्बीण पुसत म्हणाले.

नानांची तपासणी ठरलेली. डोळा, चोच, पाय. डोळा लालसर गुलाबी असेल तर पाखरू अल्बिनो. मेलानिन नावाचं रंगद्रव्य अंगात तयारच होत नाही, म्हणून डोळ्यातलं रक्त दिसतं. डोळा नेहमीचा आणि पिसं तेवढी पांढरी, तर ल्युसिस्टिक. रंग पिसांपर्यंत पोचलाच नाही, एवढंच. "मग चोच पिवळी कशी?" असं कुणी विचारलं की नाना खुलतात. तो पिवळा मेलानिनचा नाहीच, खाण्यातून आलेला. म्हणून तर बुलबुल अख्खा पांढरा झाला तरी बुडाखालचा लाल ठिपका जागच्या जागी असतो.

"म्हणजे ही अर्धी अल्बिनो?" मी विचारलं. नानांनी दुर्बीण खाली घेतली. "अल्बिनो अर्धा नसतो. नापास कधी अर्धा असतो का?"

साळुंकी ल्युसिस्टिक ठरली. वहिनींनी सुटकेचा श्वास टाकला, तोवर नाना पुढे गेलेच. "अल्बिनो असती तर फार दिवस टिकली नसती. नजर अधू, पिसं लवकर झिजणार, आणि शिक्र्याला लांबूनच दिसणार." वहिनींच्या हातातलं तबक थरथरलं. शुभ बोल रे नाऱ्या, असं त्या पुटपुटल्याचं मी ऐकलं. नानांनी ऐकलं नाही; ते वहीत नोंद करत होते.

पोरं त्यांची मुद्दाम फिरकी घेतात. "नाना, उसाच्या पाटावर पांढरा पक्षी!" नाना सायकल हाणत जातात. असतो गायबगळा. पण नाना चिडत नाहीत. "हा जातीचाच पांढरा. यालाही पावसाळ्यात लग्नाचा नारिंगी रंग चढतो, तेव्हा बोलवा," म्हणतात आणि तेवढीच सायकल हाणत परत येतात.

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून, म्हणजे ५ तारखेपासून, सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, १२ तारखेपर्यंत. त्या आठवड्यात शाळेत पाहुणे म्हणून नाना ठरलेले. गेल्या खेपेला ते सांगत होते, की काही पाखरं वयाने पांढरी होतात. दर वेळी जुनी पिसं झडतात आणि नव्यांत पांढरी वाढतच जातात. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उठली. "आजोबा, मग तुमच्या मिशा झडल्याच नाहीत का? अजून काळ्याकुळकुळीत आहेत."

"प्रश्न शेवटी," नाना म्हणाले. शेवटी वेळ उरला नाही.

आणि मग गिरणीतल्या चिमणीचा निरोप आला. पिठाच्या गिरणीत डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढरी चिमणी, नराच्या गळ्याखालचा काळा डागसुद्धा गायब! नाना चहा टाकून निघाले. दळण घेऊन आलेल्या बायांना त्यांनी हाताने गप्प केलं आणि तुळईकडे मान वर करून उभे राहिले. डोळा काळाभोर. चोचीचं नीट दिसेना. "ल्युसिस्टिक," नाना कुजबुजले, "आणि तीही अख्खी! अशी जन्मात एखादी."

वहीत तारीख पडली. चिमणी खाली उतरली, दारातल्या धुळीत बसली, फडफडून आंघोळ केली. पांढरा ढग उठला. ढग बसला, तेव्हा तिथे राखाडी टोपीचा, काळ्या गळ्याचा, कारखान्याच्या वसाहतीत पैशाला पासरी मिळणारा चिमणा उभा होता.

बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. गिरणीवाल्याने पट्टा थांबवला. नानांनी मात्र जमिनीवरचं पीठ चिमटीत घेतलं, उजेडात धरलं, दोन बोटांत चोळून बघितलं.

"ज्वारी कोणती?"

"मालदांडी."

"म्हणजे एम ३५-१," नाना म्हणाले, आणि पाखरांच्या वहीत पहिल्यांदाच प्रतीचा रकाना भरला.