‘डुप्लिकेट’ला खुलं पत्र: आमच्या नावावरचा अनुस्वार परत दे

डुप्लिकेट,

तुला ‘प्रिय’ म्हणणार नाही. विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबली की उघडणाऱ्या यादीत तू दुसरा. लॅपटॉपवर जे दिसतं तेच बाहेरच्या मॉनिटरवर दाखवायचं, एवढंच तुझं काम. तेही तू नीट करत नाहीस, आणि त्याचा भुर्दंड नांदेड-लातूरच्या खेड्यांतून आलेल्या माणसांना पडतो.

आधार केंद्रावर दुसरा पडदा शोभेसाठी ठेवत नाहीत. समोर बसलेल्या माणसाने आपलं नाव, जन्मतारीख, पत्ता स्वतः वाचावा, चूक असेल तर तिथल्या तिथे सांगावी, म्हणून तो त्याच्याकडे तोंड करून ठेवायचा असतो. 29 सप्टेंबर 2010 रोजी आधारची सुरुवात आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. इतक्या वर्षांनंतरही उदगीर, कंधार, मुखेडकडचा म्हातारा शेतकरी त्या पडद्याकडे डोळे बारीक करून बघतो, अक्षर लागत नाही, आणि “बराबर हाय” म्हणून मान हलवतो. त्याला वाटतं, आपल्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तुझा दोष तो स्वतःच्या माथी घेतो, याचा मला संताप येतो.

तू काय करतोस ते आता सगळ्यांसमोर सांगते. जुन्या लॅपटॉपचा पडदा बहुधा 1366 × 768 ठिपक्यांचा, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. त्याला जोडलेला नवा मॉनिटर 1920 × 1080 चा, म्हणजे जवळपास पावणेएकवीस लाख. दोघांना एकच चित्र द्यायचं म्हणून तू मोठ्याला लहानाच्या मापावर आणतोस. मग तिकडे एकेक ठिपका साधारण 1.4 ठिपक्यांवर ताणून बसवावा लागतो. अर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून शेजारच्या ठिपक्यांत रंग मिसळतो आणि अक्षराची कड राखाडी होते. फोटोत हे फारसं जाणवत नाही. अक्षरात लगेच जाणवतं, आणि आमच्या देवनागरीत सगळ्यात जास्त, कारण आमचा अर्थ शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी राहतो. ‘केंद्रे’ हे आमच्याकडचं नेहमीचं आडनाव घे. एक अनुस्वार, दोन मात्रा, एक रकार, सगळं दोन अक्षरांत. ‘मुंडे’ आणि ‘मुंढे’ यांत फरक एका गाठीचा. ‘शिंदे’चा ‘शिदे’ व्हायला एक ठिपका पुरतो, आणि तू नेमका तोच खातोस.

ही चूक सहज निस्तरत नाही. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. बँकेचं खातं, सातबारा, पीकविमा, पीएम किसान, लातूरला अकरावीला घातलेल्या पोरीचे दाखले, सगळीकडे नाव जुळवून बघतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी दाखल्यांसाठी निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हापासून तर मराठवाड्यातलं घर न् घर पणजोबाच्या नावाचं अक्षर न् अक्षर शोधतंय. अशा मुलखात पडद्यावरचं नाव पुसट असणं मला चालणार नाही.

पडदा धूसर दिसला की लोक आधी मॉनिटरवर, मग केबलवर ठपका ठेवतात. दुकानदारही नवी केबल गळ्यात मारतो. निळ्या टोपीच्या व्हीजीए केबलचा दोष असू शकतो, हे मान्य. ती 1987 ची पद्धत, सिग्नल अॅनालॉग, आणि मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबेपर्यंत अक्षरं थरथरतात. मॉनिटर म्हणून टीव्ही लावला असेल तर तो कडा कापून चित्र फुगवतो. पण एचडीएमआय लावूनही अक्षर पुसटच राहिलं, तर डिस्प्ले सेटिंग्ज उघडून मॉनिटरचं रिझोल्यूशन बघावं. तिथे 1366 × 768 दिसलं की गुन्हेगार तूच.

केंद्र चालवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, हे पुढचं तुमच्यासाठी. याला हटवायला एक रुपया लागत नाही. त्याच यादीतून ‘एक्स्टेंड’ निवडा. सेटिंग्जमध्ये दोन नंबरच्या पडद्यावर क्लिक करा आणि ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय ते 1920 × 1080 लावा. अक्षर बारीक वाटलं तर रिझोल्यूशनला हात लावू नका, ‘स्केल’ 125 किंवा 150 टक्के करा. एखादं जुनं सॉफ्टवेअर स्केल वाढवल्यावर पुसट होतं. तसं झालं तर 100 वर परत या. अर्ज भरून झाला की विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ दाबा, खिडकी समोरच्या पडद्यावर जाते. मग त्या माणसाला एकेक अक्षर वाचू द्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा, मागे कितीही रांग असो.

आणि डुप्लिकेट, लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही 1920 × 1080 चे असतील तिथे तू खुशाल राहा, तिथे तुझ्याकडून कुणाचं नुकसान होत नाही. बाकी टेबलांवरून आजच ऊठ.

— नांदेडची एक अर्जदार