गाळा कोणाचा, भाडं कोणाला

“सूनबाई, बिबडे वाळत घातलेस की नोटिसा? सकाळपासून तीनदा उलटेपालटे करून झाले.”

“नोटीसच म्हणा काकू. मंडईच्या गाळ्यांवर चिकटवलीय काल. मुदत संपली, गाळे खाली करा, फेरलिलाव होणार. तुम्ही नगरपरिषदेत होतात ना, खरं काय ते सांगा. लोक तर म्हणतात, अख्खी मंडई बिल्डरला विकणार.”

“लोकांना काय! विकणं एवढं सोपं नसतं गं. 1965 चा नगरपरिषदांचा कायदा आहे, त्यात कलम 92. जागा कायमची द्यायची तर एकूण नगरसेवकांच्या दोन तृतीयांशांचा ठराव लागतो, वर सरकारची मंजुरी. तोवर पेपरात येतं, कोणीतरी कोर्टात जातं. एवढी डोकेदुखी कोण घेतो? त्यापेक्षा भाडेपट्टा बरा. तीन वर्षांपर्यंतचा असेल तर सभेत ठराव केला की झालं. फक्त पक्कं बांधकाम करायचं नाही.”

“पक्कं नाही? कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं तर स्लॅब टाकून माडी चढवलीय!”

“आमच्या ऑफिसच्या खिडकीतून ती बाजू दिसायची नाही.”

“काकू!”

“हसू नकोस. तीन वर्षं संपतात, नूतनीकरणाचा अर्ज पडून राहतो, भाडं जुन्याच दरानं भरलं जातं, कधी तेही नाही. बघता बघता माणूस म्हातारा होतो, मग मुलगा गल्ल्यावर बसतो. जळगावचं ऐकलं असशील. तिथं महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या दोन हजारांवर गाळ्यांचे करार 2012 ला संपले. त्यापुढं ठराव काय, पाचपट दंड काय, कोर्ट काय, मोर्चे काय! वर्षानुवर्षं तेच.”

“व्यापाऱ्यांचंही ऐका की. माझे मामा तिथलेच. म्हणतात, बिलं बघूनच छातीत धडधडतं.”

“त्यांचंही खोटं नाही. महापालिकांसाठी 2019 साली नियम निघाला, बाजारमूल्याच्या निदान आठ टक्के वर्षाचं भाडं. आता हिशेब कर. रेडी रेकनरनं गाळा 20 लाखांचा धरला तर वर्षाला 1 लाख 60 हजार. छत्र्या दुरुस्त करणाऱ्यानं आणायचे कुठून? राज्यभर ओरड झाली, शेवटी दर उतरवावे लागले. आधी फुकटात द्यायचं आणि मग एकदम मानगूट धरायची. मधलं काही जमतच नाही आपल्याकडे.”

“मोठ्या शहरात तरी धड असेल.”

“मुंबईत महालक्ष्मीचं रेसकोर्स आहे ना, जागा काही सरकारची, काही पालिकेची. त्याचा करार 2013 ला संपला. घोडे धावतच होते. नवीन काय ते ठरायला 2024 उजाडलं.”

“म्हणजे घोड्यांनाही नोटीस लागत नाही.”

“आणि आपल्या कॉलनीची खुली जागा? तिथं वाचनालय होणार होतं. आता ती एका मंडळाच्या ताब्यात, आणि मंडळाचे अध्यक्ष कोण ते तुला मी सांगायला नको. सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय, संस्थेचा अर्ज आला म्हणून जाहिरात न देता सरकारी जमीन देता येत नाही. वाचतो कोण?”

“जाऊ दे ते. माझं सांगा. फेरलिलाव झाला तर माझ्या शिलाईच्या दुकानाचं काय?”

“तुझ्या नावावर आहे का गाळा?”

“...”

“नाही ना? कितीला घेतलायस?”

“महिना 6 हजार. वर डिपॉझिट.”

“आणि तुझा मालक नगरपरिषदेला 350 भरतो. तेही भरले तर. करारात लिहिलेलं असतं, पोटभाडेकरू ठेवायचा नाही. तपासणीला कोणी आलं तर तू कोण म्हणून सांगतेस?”

“त्यांची भाची.”

“बघ! मंडईत फिरून ये. सगळ्या गाळ्यांत भाचे-भाच्या बसल्यात. नगरपरिषदेच्या तिजोरीत 350, आणि मधल्या माणसाच्या खिशात साडेपाच हजारांवर. काही न करता. मग नळाला पाणी नाही म्हणून आपण मुख्याधिकाऱ्याच्या नावानं बोटं मोडायची.”

“मग बोली लावू का मी? अनामत जमेल कशीबशी.”

“लाव की. ऑनलाइन नोंदणी कर, अटी नीट वाच, घरपट्टीची थकबाकी ठेवू नकोस. पण तुझा मालक गप्प बसेल का? तो स्टे आणायला धावेल, वकील ठरलेला आहे त्याचा. आणि सभेत पहिला विरोध कोण करणार माहितीय? ज्यांच्या मेहुण्यांच्या नावावर चार-चार गाळे आहेत ते.”

“कोण हो, ते आपले...”

“हळू बोल. त्यांच्याच मंडळी येतायत इकडे. बिबडे मागायला असतील.”

“देऊ का?”

“दे. पण दोनच दे. आणि विचारलं तर सांग, मागच्या वर्षीच्याच दरानं.”